गावाचं नाव

आश्रुबांनी आगटीतलं कणीस काठीनं बाहेर ओढलं, राख झटकली आणि तळहातावर चोळून कोवळे गरम दाणे राजेश्रीच्या ताटलीत टाकले. हुरड्याचा तो वास तिला तीन वर्षांनी आला होता. जर्मनीतून ती तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आली होती आणि आल्यापासून वडील आश्रुबा, तिचे अण्णा, तिला रोज शेतात बोलावत होते. आज बरोबर चुलते आबासाहेबही आले होते. ते बांधावर टेकून मोबाइल बघत बसले होते.

"खा. तिकडं कोण देणार हे," आश्रुबा म्हणाले.

दुसरं कणीस चोळता चोळता त्यांनी विचारलं, अर्पिताचा फोन येतो का. वर बघितलं नाही. राजेश्री दाणे चावत राहिली.

अर्पिता म्हणजे तिची धाकटी बहीण. गेल्या चैत्रात ती गावातल्याच नागसेनबरोबर निघून गेली आणि दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. नागसेन बौद्धवाड्यातला. लग्नाची बातमी गावात आली त्या दुपारी आबासाहेबांनी माणसं नेऊन त्याच्या घराचे पत्रे काढून फेकले. कुणी तक्रार दिली नाही. त्याचे आईवडील घराला कुलूप लावून कुठंतरी गेले, ते अजून परतले नव्हते. अर्पिता फोन करायची तो फक्त राजेश्रीला. तिला सहावा महिना होता.

आश्रुबा सावकाश बोलत होते. राग कधीच गेला, म्हणाले. तुझी माय धड जेवत नाही. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे. साडी-नारळ घेऊन जाऊ, ओटी भरू, दोघांनाही घेऊन येऊ. बोलताना त्यांचा आवाज एकदा अडकला. तो खोटा नव्हता, एवढं राजेश्रीला कळलं.

"नुसतं गावाचं नाव सांग. पत्ता बी नको. आमी हुडकून घेऊ."

"जमाना बदलला आता, राजे," बांधावरून आबासाहेब म्हणाले. "मी बी इसरलो सगळं."

सांगते, विचार करून सांगते, असं म्हणून ती उठली. हात धुताना तिच्या लक्षात आलं की अर्पिताला दिवस गेल्याचं तिनं आईशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

जर्मनीत हानोफर शहरात वृद्धांची काळजी घेणाऱ्या ज्या संस्थेत राजेश्री परिचारिका होती, तिथं लेमानबाई नावाची सत्त्याऐंशी वर्षांची बाई होती. एका सकाळी तिचे केस विंचरताना राजेश्रीचा फोन वाजला. अर्पिता होती, रडत होती. फोन ठेवल्यावर लेमानबाईंनी विचारलं आणि राजेश्रीनं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बहिणीची हकिगत सांगितली. पुढचे काही दिवस विंचरण्याच्या वेळी लेमानबाई आपली हकिगत सांगत राहिल्या. राजेश्रीला समजावं म्हणून छोटी छोटी वाक्यं करून.

त्यांचे वडील युद्धात रशियाकडे गेले ते आलेच नाहीत. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात विमानांनी त्यांचं मागडेबुर्ग शहर जाळलं. आईनं ओल्या घोंगडीत गुंडाळून सात वर्षांच्या लेकीला जळत्या गल्लीतून बाहेर काढलं. शाळेत आधी शिकवणाऱ्या बाईंनी एका पुढाऱ्याला हात वर करून सलाम करायला शिकवलं होतं. युद्ध हरल्यावर त्याच बाईंनी दुसऱ्या पुढाऱ्याची गाणी शिकवली. कुणी काही विचारलं नाही. पुढं देशाचे दोन देश झाले आणि मायलेकी पूर्वेकडच्यात राहिल्या. लेमानबाईंचं ज्याच्याशी ठरलं होतं तो पश्चिमेला काम शोधायला गेला आणि मधली हद्द बंद झाली. तारा आल्या, भिंत आली, बंदूकवाले आले.

तीन वर्षं वाट बघून त्यांनी पळून जायचं ठरवलं. एका माणसाच्या मोटारीच्या डिकीत लपून. हे त्यांनी फक्त आईला सांगितलं, कारण आईला न सांगता जाणं त्यांना जमलं नाही.

आईचा जीव था‍ऱ्यावर राहिला नाही. मग एके दिवशी घरी एक माणूस आला, सरकारी. टोपी हातात धरून दारात उभा राहिला. तुमच्या मुलीबद्दल आम्हाला काळजी वाटते, म्हणाला. हद्दीवर गोळ्या घालतात. कोणता दिवस तेवढं सांगा, आम्ही तिला समजावून घरी पाठवू. आईनं सांगितलं.

लेमानबाई मोटारीत बसायच्या आधीच पकडल्या गेल्या. अडीच वर्षं बायकांच्या तुरुंगात काढली. तिथं चौकशी करणाऱ्यानं त्यांना मुद्दाम सांगितलं, तुमच्या आईनंच कळवलं. रागावू नका तिच्यावर, तुमच्यावर फार जीव आहे तिचा.

पुढं पश्चिमेच्या सरकारनं अशा काही कैद्यांना पैसे भरून सोडवून नेलं, त्यांत त्याही सुटल्या. ज्याच्यासाठी निघाल्या होत्या त्याचं तोवर लग्न झालेलं होतं. आईच्या एकाही पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही. भिंत पडली, माणसं रस्त्यावर नाचली, त्यानंतर काही दिवसांनी त्यांची म्हातारी आई हातात घरी केलेला केक घेऊन हानोफरला दाराशी आली. लेमानबाईंनी तिला एवढंच विचारलं, तुला माझा पत्ता कुणी दिला? आणि दार लावलं.

राजेश्री कंगवा हातात घेऊन उभी राहिली होती.

"तो टोपीवाला खोटं बोलत होता असं मला वाटत नाही," लेमानबाई म्हणाल्या होत्या. "त्याला तेवढंच काम होतं. विचारून यायचं. पुढचं काम दुसऱ्यांकडे."

संध्याकाळी आश्रुबा ओट्यावर येऊन बसले. आबासाहेब शेजारी. आतून आईनं, पार्वतीबाईंनी, चहा पाठवला, म्हणजे राजेश्रीलाच ट्रे दिला. कप घेताना आश्रुबा तिच्याकडं नुसते बघत राहिले. कापूस वेचून फुटलेल्या बोटांनी त्यांनी कप धरला होता.

"सोलापूर," राजेश्री म्हणाली. "एमआयडीसीकडं राहत्यात. एवढंच ठाव हाय मला."

सोलापूरशी अर्पिताचा काही संबंध नव्हता. आश्रुबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  आपण बापाला पारखायला निघालो आहोत, आणि बाप खरा निघाला तर त्याला तोंड कसं दाखवायचं, हे तिला सुचेना. रात्री ती पार्वतीबाईंच्या शेजारी झोपली. दोघी जाग्या होत्या आणि दोघींनी एकमेकींपुढं झोपेचं सोंग घेतलं.

उजाडता उजाडता दारात जीप आली. आत आबासाहेबांच्या ओळखीचे तिघं बसलेले होते, सोबत चालक. त्यांतला एक जण पत्रे काढायलाही होता. कुणी खाली उतरलं नाही, कुणी चहा मागितला नाही.

पार्वतीबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. आबासाहेब नम्रपणे म्हणाले, वहिनी, लांबचा पल्ला हाय, तुमाला झेपायचं न्हाई. त्या तिथंच थांबल्या.

आश्रुबांच्या हातात कापडी पिशवी होती. तिच्यातून हिरव्या साडीचा काठ दिसत होता, वर नारळ होता. ते जीपकडं गेले तसे आबासाहेबांनी ती पिशवी त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली.

"हे ऱ्हाऊ द्या, दादा. मागून बघू."

पिशवी ओट्यावर ठेवली गेली. आश्रुबा तिच्याकडं बघत उभे राहिले. मग जीपमधल्या माणसांकडं त्यांनी पाहिलं, एकेकाकडं. मग राजेश्रीकडं. तिला वाटलं, आता ते म्हणतील, मी येत न्हाई. किंवा म्हणतील, कुणीच जाऊ नका. त्यांचे ओठ हललेही.

"दादा, बसा. ऊन व्हईल," आबासाहेब म्हणाले.

आश्रुबांनी धोतराचा सोगा आवरला आणि पुढच्या सीटवर चढून बसले. दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं. जीप पांदीनं वळेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

धूळ खाली बसली. पार्वतीबाई अजून उंबऱ्यातच होत्या. राजेश्री त्यांच्याजवळ गेली.

"माय, ती सोलापुरात न्हाई."

पार्वतीबाईंनी मान हलवली. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"ती खरं म्हंजी..."

"नगं." पार्वतीबाईंनी तिच्या तोंडावर तळवा ठेवला. "मला सांगू नगं. तुझे अण्णा माझ्यापुढं बसून रडले, की मी सांगून टाकीन. मला म्हाईत हाय माझं."

मग त्या आत गेल्या आणि राजेश्रीची बॅग बाहेर काढायला लागल्या. सुट्टीचे अकरा दिवस उरले होते. पार्वतीबाई कपड्यांच्या घड्या घालत सांगत होत्या, सोलापूर म्हणजे जायला-यायला अख्खा दिवस. तिथं काही सापडलं नाही म्हणजे फोन येईल, मग माणसं तुझ्याकडं येतील. तू पूर्णेच्या स्टेशनावर जाऊन मिळंल ती गाडी धर. तुझा मोबाइल इथून निघाल्यावर बंद ठेव. त्यांनी हे सगळं कधी ठरवून ठेवलं होतं, ते राजेश्रीला कळेना.

"तू बी चल, माय."

"मी गेले तर त्यांना कळंल की मला ठाव होतं."

दोघी फाट्यापर्यंत चालत गेल्या. दोन्ही बाजूंना तुरी उंच झाल्या होत्या. एसटी येताना दिसली तेव्हा राजेश्रीनं विचारलं, ते आल्यावर काय सांगशील.

पार्वतीबाईंनी बॅग तिच्या हातात दिली.

"सांगीन, मला कुणी गावाचं नाव सांगितलं न्हाई. खरंच हाय की ते."

एसटी थांबली. राजेश्री चढली आणि मागच्या काचेतून बघितलं तेव्हा पार्वतीबाई वळून घराकडं निघाल्या होत्या, नव्या लुगड्यात, भराभर.