खांद्यावरची बोटं
भाचीचं 'मामा' जरा जास्तच गोड आलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिला मोर्चासाठी माझ्या छपाईच्या दुकानातून टी-शर्ट हवे होते. लांबच्या कुठल्याशा युद्धातल्या एका मुलीचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. तो छापायचा आणि खाली लिहायचं, 'हिला कुणी नाही'.

फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला, तर धुळीनं माखलेल्या त्या पोरीच्या खांद्यावर कुणाची तरी बोटं.

"ही कुणाची गं?"

"आईची. मूळ फोटोत आहे ती. पण दोघी दिसल्या की लोक फोटो पुढे पाठवत नाहीत, मामा. बोटं तेवढी पुसून टाक."

"भांडण कुणाचं आहे तिकडे?"

"ते राजकारण झालं. त्यात आपण पडत नाही."

माझं डोकं फिरलं. बॉम्बमधून वाचलेल्या बाईला आमच्या पोरीनं बसल्या जागी उडवलं होतं. मी हो म्हणालो आणि बोटं तशीच छापली. बघू, कोण विचारतंय.

मोर्चाच्या दिवशी चौकात जिकडेतिकडे तेच शर्ट. 'हिला कुणी नाही', आणि वर ती बोटं. कुणी विचारलं नाही. भाची धावत आली. म्हटलं, आता तोंड सुटणार.

"छपाई झकास झाली, मामा," म्हणत तिनं आमचा दोघांचा फोटो काढला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

संध्याकाळी तो फोटो सगळीकडे फिरला. त्यात भाची एकटीच होती, आणि तिच्या खांद्यावर माझी बोटं.