ओरिन माझ्यात राहायला आला

ट्रक म्हणतात मला, मित्रांनो. आता खरं तर मी अर्धा गंज आहे, अर्धा गप्पा. पण एके काळी मिशिगनच्या कारखान्यातून निघालो तेव्हा असा लालबुंद होतो, की इथे आर्कान्सात पोचेपर्यंत गाई माना वळवून बघत होत्या. ओरिनच्या वडलांनी मला घेतलं. कलिंगडं वाहिली, गवताचे भारे वाहिले. ओरिन-मार्लाच्या लग्नात मागे रिकामे डबे खडखडवत नवरानवरीला मीच मिरवलं.

मग वय झालं. गिअरबॉक्स कुरकुरायला लागला, रिव्हर्स तर पारच गेला. ओरिन कोंबड्या सोलायच्या कारखान्यात रात्रपाळीला, मार्ला शाळेच्या कॅन्टीनमध्ये. आमच्या डोंगरात बस नाही. मी थांबलो की ओरिनची नोकरी गेली. म्हणून सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीकडे. कमी कमाईच्या नवराबायकोला, पदरी पोर असलं की सरकार वर्षातून एकदा कराच्या हिशेबातून पैसे देतं. त्या दिवसांत आमच्याकडे टायरवाल्याच्या दारात जत्रा भरते.

तेवढ्यात मार्लाचा भाऊ लायल अक्कल पाजळायला आला.

"वेगवेगळे अर्ज करा. नवरा सोडून गेला असं लिही, ताई. जास्त मिळतात."

"गेलाय कुठे? समोर बसून माझे पॅनकेक गिळतोय!"

"मग जाऊ दे ना दाजींना!"

खोटं बोलायचं म्हटलं की ओरिनला घाम फुटतो. म्हणून त्याने ते खरंच करायचं ठरवलं. उशी उचलली आणि माझ्यात राहायला आला. अंगणातच!

सकाळी पाळीवरून यायचा आणि सीटवर आडवा व्हायचा. काचेतून कोवळं ऊन सांडायचं. त्याच्या केसांत अडकलेलं पीस श्वासाबरोबर हलायचं. तो घोरायचा आणि मी स्वप्न बघायचो... मी उलटा उलटा चाललोय, टेकडी मऊ झालीय, मागे कलिंगडं गाढ झोपलीत, कुणालाच कुठे पोचायचं नाहीये...

मध्येच त्यांची चिमुरडी जूनी काचेला नाक चिकटवायची.

"बाबा, तू इथे का झोपतोस?"

"अगं, सोडून गेलोय मी तुम्हाला."

"बरं. जेवायला चल, आई बोलावतेय."

मग एक दिवस आम्ही वाचनालयात गेलो. तिथे कराचे अर्ज फुकट भरून देतात. मला उघड्या खिडकीसमोरच उभं केलं. ओरिन माझ्यात बसून राहिला, मार्ला एकटी आत गेली. टेबलामागे हॉबसन बाई होत्या. चौथीत ओरिनला त्यांनीच शिकवलेलं.

"नवरा कुठे असतो?"

"गेला सोडून, बाई."

"कधी?"

"मंगळवारी."

बाईंनी चष्म्यावरून बाहेर पाहिलं. ओरिन झटकन खाली वाकला आणि त्याचं कोपर हॉर्नला लागलं. खरं सांगू? नुसतं हलकेच लागलं होतं. बाकीचं मी केलं. असा कोकललो, की कपाटातली पुस्तकंसुद्धा दचकली असतील.

"ओरिन! आत ये!"

तो उशी बगलेत घेऊनच गेला.

"अरे गाढवा, वेगळ्या अर्जासाठी वर्षाचे शेवटचे सहा महिने वेगळं राहावं लागतं. खोटं लिहून सापडला असतात तर हे पैसे गेलेच, वर पुढची दोन वर्षंही काही मिळालं नसतं. एका घरात राहणाऱ्या नवराबायकोने एकत्रच अर्ज करायचा. तरच मिळतात!"

"पण बाई, लायल म्हणाला..."

"लायललाही मीच शिकवलंय. त्याचं ऐकतोस? करा सह्या, दोघंही."

पैसे आले. गॅरेजवाला माझ्याखाली घुसला, बाहेर आला आणि त्याने मान हलवली. माझ्या दुरुस्तीच्या खर्चात दुसरा ट्रक येत होता. तो आला, निळा. ओरिनची नोकरी टिकली. मला वाईट वाटलं का? वाटलं. कितीतरी दिवस मला स्वप्नंच पडली नाहीत.

आता मी अंगणातच गवतात उभा असतो. परवा भंगारवाला आला होता. मार्लाने त्याला फाटकातूनच परतवलं. म्हणाली, "ती आमच्या घरातली खोली आहे. विकायची नाही."

मित्रांनो, तुमच्या दारातही माझ्यासारखं कुणी म्हातारं उभं असेल, तर अधूनमधून त्याच्यावरून हात फिरवत जा. आणि आपल्या माणसाला सोडू नका, अगदी कागदावरसुद्धा.