सायकल-शर्यतीचा वीतभर कप

मी एक जुना कप आहे. चहाचा नव्हे, शर्यतीचा. मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि माझी त्याला हरकत नाही. मित्रांनो, एके काळी मी पुरुषभर उंच होतो. मला उचलायला चार पैलवान लागत. आता वीतभर दिसतो, तो वयोमानाने आकसलो म्हणून.

मी सोलापूर ते अक्कलकोट सायकल-शर्यतीचा कप. त्या दिवशी एवढी धूळ उडाली, की अक्कलकोटच्या लोकांनी भर दुपारी दिवे लावून जेवण केले. जिंकले कोण, तेवढे मात्र विसरलो. कधी वाटते शर्यत सांगोल्यापर्यंत होती. कधी वाटते ती कुस्ती होती.

पुढे मी एका बोहारणीच्या पाटीत आलो. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई थापांमध्ये माझीही गुरू. सोलापूर-अक्कलकोट सायकल-शर्यतीचा अस्सल पितळी कप, असे तिने काशम्माला छातीठोकपणे सांगितले. काशम्मा सीमेपलीकडच्या कानडी खेड्यातून सोलापुरात नांदायला आलेली. मराठी बोलायची, वाचता मात्र कुठलीच भाषा येत नव्हती. नवऱ्याच्या दोन धड पँटी देऊन तिने मला घेतले आणि शोकेसमध्ये वर बसवले. पाहुणे मला हातात घेऊन वाखाणत. मग ते दिवस सरले. माझ्यात टाचण्या, गुंड्या आणि संपलेले सेल राहू लागले. अंगावर काळा थर चढला.

यंदा मात्र माझी आठवण झाली. काशम्माची नात सिद्धेश्वरी हिला अकलूजच्या एका शाळेत अकरावीला जायचे होते. तिथे मोठी प्रयोगशाळा होती. जागा चाळीस, अर्ज सातशे. अर्जात एक निबंध होता: ‘मी स्वतः केलेली एक कामगिरी’. सोबत फोटो. ती अर्ज भरायला बसली त्याच दिवशी दुपारी चारपर्यंत मुदत.

पोर पार गोंधळली. हस्ताक्षरात दुसरा नंबर आला होता, पण दुसऱ्या नंबरावर दीडशे शब्द कसे लिहायचे? एकही दिवस शाळा बुडवली नाही, असे लिहिले आणि गोवर आठवला, म्हणून खोडले. मैत्रीण म्हणाली, स्कूटर चालवतेस ते लिही. पण परवाना कुठे होता? शेवटी तिची नजर माझ्यावर पडली. मी अंग जमेल तेवढे चमकवले.

तिने एका दमात निबंध लिहून टाकला आणि मला आज्जीकडे दिले. फोटो काढायचाय, जरा घासून दे, म्हणाली.

मित्रांनो, इथे माझी एक कळकळीची विनंती आहे. जुन्या वस्तूंची काळजी घ्या. त्यांना पुसा, मानाने ठेवा. पण चिंचेने घासू नका. निदान तळाशी तरी नको.

काशम्माने मला चिंच-मीठ लावून मनापासून घासले आणि विचारले, काय लिहिलंस ते वाच की. सिद्धेश्वरी वाचू लागली. सोलापूर ते अक्कलकोट शर्यतीत ती पहिली आली होती म्हणे, तेही पंक्चर चाकाने. हे तर मलाही सुचले नव्हते.

काशम्माने पहिल्या नंबरापर्यंत ऐकले, मग तिचे लक्ष उडाले. मला उलटे धरून ती माझ्या तळावर बोट फिरवत होती.

“लिं... बू,” ती म्हणाली. “लिंबू. च, म, चा. चमचा. बाल... वाडी. तिसरा.”

मग काशम्माच्या तोंडून कानडी निघाले. ती चिडली की तसेच व्हायचे.

“सुळ्ळ! समदं खोटं. बोहारीण खोटी, ह्यो कप खोटा, आन् तूबी?”

सिद्धेश्वरीने मान खाली घातली. मग हळूच वर करून ती आज्जीच्या बोटाकडे बघू लागली. मागच्या वर्षापासून या बोटाचा एक खेळ चालला होता, मी तरी त्याला पोरखेळच समजत होतो. काशम्मा अक्कलकोटची समजून बार्शीच्या बसमध्ये चढली होती. कंडक्टरने तिकीट विचारले तेव्हा बस गावाबाहेर पोचली होती. भर उन्हात ती चालत परत आली आणि नातीला म्हणाली, बसवरची पाटी वाचायला शिकव. तेव्हापासून रोज भाकरीआधी दोघी परातीतल्या ज्वारीच्या पिठात अक्षरे काढत. मी वरून बघत असे. त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही. सिद्धेश्वरीलाही नाही.

तिने तो कागद फाडला. नव्या कागदावर घाईने पहिली ओळ लिहिली आणि मोबाइल उचलून आज्जीचाच फोटो काढला, चिंचेच्या हातासकट. साडेतीन वाजले होते.

काशम्मा तिच्या खांद्यावरून वाकली. कागदावर बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडत वाचू लागली.

“मी... आज्जीला... वाचायला... शिकवलं.”

मग तिने बोट उचलले.

“सुळ्ळ,” ती म्हणाली. “शिकले मी. तू नुस्तं पीठ सांडलंस.”