इमामबक्ष झाडावरून उतरला कसा

मुन्नाच्या तोंडून दुसरा वाघ निसटला आणि मग त्याला थांबताच येईना.

खरं म्हणजे मुन्ना गाद्या भरणारा साधा माणूस. कामरगावच्या दुकानात कापूस पिंजत बसायचं, एवढंच त्याला माहीत. पण आज रिसोडचे चांदभाई, मोठे अडत्ये, आपल्या मुलासाठी, दानिशसाठी, त्याची लेक अनम पाहायला आले होते. सरबत झालं, समोसे झाले, आणि चांदभाईंनी खानदान काढलं.

"वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल नवानवा आला, तवा आमचे खापरपणजोबा घोड्यावरून आले. चौफेर जंगल! एक वाघ मारला अन् तिथंच गाव वसवलं."

"आमच्यावाल्यानं दोन मारले," मुन्ना बोलून गेला.

कोपऱ्यात पान लावत बसलेल्या त्याच्या आईनं, कमरुन्निसानं, मान वर केली.

"दोन?" चांदभाई सरसावून बसले.

"एक तलवारीनं. अन् एक..." मुन्नाला दुसरं हत्यार आठवेना. "एक नुसत्या आवाजानं. साहेब एवढा खुश झाला, का जमीनच देऊन टाकली. त्या जमिनीच्या खुणेचा दगड अजून उभा हाय."

"मंग चला! असा दगड पाहाले पाहिजे." चांदभाईंनी चपला घातल्यासुद्धा.

मुन्ना परसात पळाला आणि शेजारच्या शेतवाल्या उकंडरावला फोन लावला. "भाऊ, तुमच्या वावरात माह्या खापरपणजोबाचं काहीतरी दाखवा."

"काय दाखवू?"

"काईबी. जुनं पाहिजे फक्त."

"तू ये तर खरा," उकंडराव म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला आनंद ऐकून मुन्नाला वाटलं, फोन केला नसता तर बरं झालं असतं.

चांदभाईंच्या जीपमध्ये सगळे कोंबले गेले. कमरुन्निसाला कोणी चल म्हटलं नव्हतं, तरी ती पुढच्या सीटवर सगळ्यांच्या आधी बसलेली. मागे अनम आणि दानिश समोरासमोर, एक या खिडकीतून बाहेर बघतोय, दुसरी त्या.

वावरात उकंडराव स्वच्छ टोपी घालून उभा होता. बाजूला भलाथोरला गोल दगड, त्याला झेंडूचा हार, आणि वर बायकोची, प्रयागबाईची, हिरवी शाल.

"या! इथंच हत्ती बांधत," तो म्हणाला.

"हत्ती?" चांदभाईंनी मुन्नाकडे पाहिलं.

"सांगायचा राह्यला," मुन्ना म्हणाला.

चांदभाईंनी दगडावर दोन्ही तळवे टेकले. त्यांचे डोळे भरून आले होते. दानिशनं मात्र शाल जराशी उचलली. "अब्बा, याले मधात केवढं भोक हाय!"

"तोफेचा गोळा लागला," उकंडरावनं श्वासही न घेता सांगितलं.

मागून अनमचं हसू फुटलं. ओढणी तोंडात कोंबूनही थांबेना. तेवढ्यात जीपमधून कमरुन्निसाचा खणखणीत आवाज आला. "उकंड, तुह्या आज्याचा तेलघाणा हाय तो! माह्या लग्नातल्या पुऱ्या त्याच्याच तेलात तळल्या."

त्या भोकात आपण मावू का, असा विचार मुन्नाच्या मनात खरोखर आला. कमरुन्निसा खाली उतरली, शाल बाजूला सारून घाण्यावरच बसली.

"आता ऐका. मुन्नाचा खापरपणजोबा इमामबक्ष इंग्रज साहेबाचा बावर्ची होता. साहेब जमीन मोजत फिरे, हा कोंबड्या भाजत फिरे. एक दिवस रस्स्यात मिरची पडली मूठभर. साहेबाचं तोंड पेटलं. याले इथंच सोडून तंबू पुढं निघून गेले. सांजेले वाघ आला. म्हणजे दिसला नाई, नुसता ऐकू आला. हा सरसर झाडावर! अम्मी, अम्मी करून असा बोंबलला का वाघच निघून गेला."

"आवाजानं!" मुन्ना ओरडला. "मी खोटं नाई बोललो!"

"गप. सकाळी याले उतरता येईना. रहीमन नावाची पोरगी लाकडं तोडाले आली. तिनं इचारलं, काहून बसला रे वरतं? हा म्हणे, हवा खाऊन राह्यलो. दुपारपर्यंत हवा खाल्ली पठ्ठ्यानं. शेवटी ती म्हणे, तू उतरत नाईस, मंग झाडच उतरवते. अन् घातली कुऱ्हाड बुडात!"

"अन् मंग?" चांदभाई चवड्यावर बसले होते.

"झाड झुकलं हळूच, अन् हा फांद्यांसकट तिच्या पायाशी. तिनं कुऱ्हाड त्याच्या हाती देली. म्हणे, जो जंगल तोडंल त्याले साहेब जमीन देते. पह्यलं झाड म्या तोडलं, आता दुसरं तू तोड. तिनंच निकाह लावून घेतला, तिनंच वावर काढलं. याले वांग्याची भाजी बरी जमे."

चांदभाई गदगदा हसता हसता मातीतच बसले. "खाला, आमचा वाघबी म्हातारा होता. त्याले दात नव्हते."

"अन् घोडा?" कमरुन्निसानं विचारलं.

"गाढव," चांदभाई कसेबसे म्हणाले.

"माहा हत्ती तरी राहू द्या!" उकंडराव कळवळला, आणि मग कोणीच कोणाला आवरू शकलं नाही. मुन्ना बांधावर आडवा झाला. दानिश डोळे पुसत अनमजवळ गेला. तिच्याशी तो पहिल्यांदाच बोलला, "तुमाले कुऱ्हाड चालवता येते?"

"शिकून घेईन," अनम म्हणाली. "तुमी पह्यले चढा तर खरं."

प्रयागबाई भाकरी अन् पिठलं घेऊन आली, तोवर निकाहची तारीखही ठरून गेली होती. परत जाताना मुन्ना जीपच्या मागच्या फळीवर उभा राहिला. रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं, की तो टपावर थाप मारून गाडी थांबवायचा आणि रहीमनची गोष्ट पहिल्यापासून सांगायचा. 'उशीर होऊन राह्यला' असं चांदभाई एकदाही म्हणाले नाहीत.