तल्हाला उडव

राजापूरच्या एका छोट्या दैनिकात अफताब मुकादमांनी अर्धं आयुष्य संपादकी केली आणि मग आमदारकीचं खूळ डोक्यात घेतलं. एकदा सपाटून आपटले, तरी खाज जाईना. दुसऱ्या खेपेला ते कुवेतला आले, कारण गावाकडची घरं इथल्या कमावत्या माणसांच्या शब्दावर मत देतात. खैरानला समुद्राकाठच्या बंगल्यात मुक्काम, रोज बिर्याणी आणि दिमतीला शुऐबाच्या कारखान्यातला फिटर रियाज.

प्रचाराचं पत्रक रियाजच मोबाईलवर जुळवत होता. अफताबचा जुना वार्ताहर तल्हा आता इथेच, कुवेत शहरातल्या शर्कच्या बाजारात मासळी विकायचा. त्यानेही मजकूर पाठवला होता, कौतुक कमी आणि टोमणे जास्त. रियाजने फोन केला, "तल्हाचा काय करू, भाय?"

"तल्हाला उडव. जागा नाही."

"नक्की ना?"

"एकदा सांगितलं ना!"

वर्तमानपत्रात बातमीला वार्ताहराच्याच नावाने हाक मारतात. जागा कमी पडली म्हणून अफताबनी असे किती तल्हा उडवले असतील! पण रियाजने वर्तमानपत्राची कचेरी बाहेरूनसुद्धा पाहिली नव्हती. त्याने पाइपचा पाना उचलला.

मासळीबाजारामागे त्याने तल्हाला गाठलं. पहिला घाव जबड्यावर, दुसरा गुडघ्यावर, पुढे मोजदाद नाही. बर्फाच्या पाण्यात दात पडले. लोक ओढत होते तरी हा लाथा घालतच होता.

प्रचारासाठी त्याच बाजारात आलेले अफताब आरडाओरडा ऐकून धावत आले. समोर तल्हा रक्तात कण्हत पडला होता. त्यांनी रियाजच्या अशी मुस्काटात हाणली की ओठ फाटला.

"हरामखोरा, त्याचा लेख उडवायला सांगितला होता! पत्रकातून काढून टाक म्हटलं होतं!"

"पण भाय, तुम्ही नाव घेतलंत त्याचा..."

पोलीस आले. त्यांच्यातल्या एकाने रियाजकडे बोट दाखवून मोडक्या हिंदीत अफताबना विचारलं, "इसको जानते हो?"

रियाजने सुटकेचा निःश्वास टाकला. भाय आता सगळं समजावून सांगतील, शब्दाचा घोटाळा झाला म्हणतील. अफताबच्या डोळ्यांपुढे मात्र गावाकडचे उद्याचे मथळे नाचत होते. उमेदवाराच्या नावापुढे 'हल्ला' हा शब्द कसा दिसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"नहीं," ते म्हणाले. "पहली बार देख रहा हूँ."

रियाजच्या हातात बेड्या पडल्या. उडवणं म्हणजे काय, ते त्याला आता नीट कळलं.