मामांच्या नावापुढचा शेरा

वारंगा फाट्यावर माझं पत्रिकांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नावं सांगतं, मी ती वेबसाइटवर भरते, ती साच्यात बसतात आणि लग्नपत्रिका मोबाइलवर जाते. वेबसाइट बांधली माझ्या चुलतभावाने, सोमेश्वरने. साच्यात महिरपी कंस आणि हॅश टाकून काहीही लिही, ते फक्त आपल्याला दिसतं, पत्रिकेत उमटत नाही, असं त्यानेच मला शिकवलं. माझ्यासारखीला असली जागा दाखवूच नये. मी तिथे मन मोकळं करायला लागले.

मग माझ्या भावाचं, हरीशचं, लग्न ठरलं डोंगरकडा गावच्या राधिकाशी. ठरलं म्हणजे अर्धंच. राधिकाचे मामा लिंबाजीराव रुसण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. चहा आधी दुसऱ्याला दिला म्हणून एका साखरपुड्यातून उठून गेले आणि ती सोयरीक मोडली. राधिकाला वडिलांमागे त्यांनीच वाढवलेलं, त्यामुळे त्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात पान हलत नव्हतं. हरीशचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून मी मामांचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात घेतलं आणि आपल्या आठवणीसाठी पुढे त्या कंसात शेरा टाकला. पत्रिका तपासली, छान दिसत होती.

त्याच संध्याकाळी सोमेश्वरला अवदसा आठवली. साच्यात नावं भरणारं इंजिन काढून त्याने दुसरंच बसवलं.

"काहून रे? जुनं चालून राहिलं होतं ना बराबर?"

"नवं लई फास्ट हाय, ताई. एक जोडणी लिहिली की झालं. फ्रेमवर्कला, म्हंजी साइटच्या सांगाड्याला, कळत बी न्हाई इंजिन बदललं ते."

फ्रेमवर्कला नसेल कळलं, पत्रिकेला कळलं. नावांच्या खुणा त्याने नव्या इंजिनाच्या बोलीत बदलल्या आणि शेऱ्यांच्या बदलायला विसरला. नव्या इंजिनाला कंस-हॅशचा अर्थच ठाऊक नव्हता, त्याने दिसलं ते मुकाट्याने छापलं. सकाळी मी डोळे झाकून सगळ्या सोयऱ्यांना लिंक पाठवली. पहिल्याच ओळीत होतं:

श्री. लिंबाजीराव {# हे रुसतात. नाव वरच ठेवणे. तरी रुसतील. #}

सोमेश्वरने लगेच दुरुस्त केलं, पण तोवर त्या ओळीचे फोटो पार हट्टा गावापर्यंत पोचले होते. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. हरीश मोबाइल उघडून पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचत बसला, त्याचं मला जास्त लागलं. तेवढ्यात राधिकाच्या मामींचा, कौशल्याबाईंचा, फोन आला.

"पोरी, कोणी लिवलं ह्ये?"

"मीच, मामी. चुकलं माझं."

"चुकलं कुठं? बराबर लिवलंय. पन आता ह्ये घरात येता-जाता त्येच वाचून राहिलेत."

"लग्नाला येतील ना?"

"त्ये मला काय म्हाईत!"

मामा आले. आणि नेमके त्यांच्यापाशी येऊन फेटे संपले. सगळा मांडव मामांकडे बघायला लागला. दोघा-तिघांनी मोबाइलसुद्धा वर धरले. मामांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते मोठ्यांदा हसले.

"राहू द्या हो! माझी टोपी काय वाईट हाय?"

पुढे त्यांना खुर्ची मिळाली नाही, हसले. फोटोवाल्याने त्यांना बाजूला सरकवलं, हसले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मामा रुसले असते तर पत्रिका खरी ठरली असती, आणि एवढ्या लोकांदेखत ती खरी ठरवायला मामा काही खुळे नव्हते. अक्षता पडल्या. हरीशने इतका मोठा सुस्कारा टाकला की राधिकालाही हसू आलं.

पंगतीत मी स्वतः वाढायला गेले. लाजेने मेल्यासारखं झालं होतं.

"मामा, माफ करा मला."

"बुंदी वाढ आदी."

मी वाढली. त्यांनी मान खाली घालून वरणभात संपवला, पुन्हा मागितला, आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले,

"पोरी, दर लग्नात मी भाईर रुसून बसायचो. लोकं समजूत काढंपर्यंत समदं गार व्हायचं. आज जन्मात पैल्यांदा लग्नात गरम जेवून राहिलो बघ."