न पाहिलेली शून्यं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी हवामानाची हौस असणाऱ्यांचा एखादा गट शोधता शोधता दोन गट पालथे घातले होते. एकात नुसते ढगांचे फोटो, दुसऱ्यात नुसत्या वादळाच्या अफवा. तिसऱ्यात मात्र रोज सकाळी आठला अंगणातल्या भांड्यातला पाऊस मोजून कळवायचा शिरस्ता होता. तिथे काका रमले.

"लग्नाचा वाढदिवस विसरता, पण भांडं बरं आठवतं!" काकू म्हणायच्या. काका उलट खुलायचे.

गटाचा नियम साधा होता. भांडं बघितलं आणि पाऊस नसला तर शून्य लिहायचं. बघितलंच नसेल तर रेघ ओढायची.

वर्षअखेरच्या बैठकीत गटाच्या प्रमुख, निवृत्त परिचारिका असलेल्या ताई, वही उघडून म्हणाल्या, "वर्षभरात एकही रेघ नाही, असे आपल्यात काका एकटेच. वादळ दिसलं की हवामान खात्याच्या इशारा केंद्राला थेट फोन करायचं काम त्यांनाच देऊ या."

टाळ्या पडल्या. काकांची मान खाली गेली. उन्हाळ्यात तीन दिवस ते आणि काकू लेकीकडे होते. परतल्यावर भांडं वाऱ्यानं आडवं पडलेलं दिसलं. त्यांनी ते सरळ केलं आणि वहीत डाग नको म्हणून तीन शून्यं ठोकून दिली.

त्यातल्याच एका दिवशी काकांच्या मागच्याच गल्लीतल्या, गटातल्या बेकरीवाल्या बाईंनी बावन्न मिलिमीटर पाऊस कळवला होता. काकांच्या शून्याकडे बघून ताईंनी तो आकडा खोडला होता. त्या वेळच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं, "बाई, नळाखाली धरलं होतंत की काय भांडं?" सगळे हसले. काका सगळ्यांत मोठ्यानं. बाई त्यानंतर गटाकडे फिरकल्या नाहीत.

"काका, इथे सही करा," फोनच्या कामाचा कागद पुढे सरकवत ताई म्हणाल्या.

काकांनी पेन घेतलं आणि खाली ठेवलं. "बेकरीवाल्या बाईंचा आकडा खोडलात ना, त्या दिवशी मी घरी नव्हतो."

"मग तुमचं शून्य कुठून आलं?"

"डोक्यातून."

ताईंनी कागद ओढून घेतला. "फोनचं काम मग तुम्हाला देता येणार नाही."

"देऊच नका."

"आणि बाईंना कोण सांगणार?"

"मीच जातो."

बेकरीत बाई गरम ट्रे फडताळात सरकवत होत्या. काकांनी एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी हात पुसले.

"सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसला होतात."

"हो."

"हे फक्त मलाच सांगताय की तिथेही सांगितलंत?"

"आधी तिथे सांगितलं."

बाईंनी फडताळाचं दार लावलं. "माझा आकडा परत लिहायला सांगा. मी परत यायचं की नाही, ते माझं मी बघीन. तुम्ही विचारायचं नाही."

"नाही विचारणार," काका म्हणाले. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्याला वाट देऊन ते बाहेर पडले आणि ताईंच्या घराच्या दिशेनं चालू लागले.